माझ्याच टोपलीतली सुई

"आधी फरशी पूस," वहिनी म्हणाल्या.

आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटातून रक्त येत होतं. एक थेंब जिन्याच्या फरशीवर पडलेला. वहिनी आत गेल्या आणि तांब्यात डेटॉलचं पाणी घेऊन आल्या. मला वाटलं, बोटासाठी आणलं. त्यांनी ते लांबूनच फरशीवर ओतलं.

आईने स्वतःच्या पदराने फरशी पुसली. बोट तसंच.

मी तेव्हा सहावीत होते. आई बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे घ्यायचे, नवं भांडं द्यायचं. आम्ही ठाकुर्लीला रुळांपलीकडच्या चाळीत राहायचो. तिथून ती रोज चालत डोंबिवलीत यायची, पूर्वेच्या सोसायट्यांमध्ये. शाळेला सुट्टी असली की गाठोडं उचलायला मी. गिऱ्हाईक बाई कुठल्याही वयाची असो, आई तिला वहिनी म्हणायची. त्या आईला "ए बोहारीण" म्हणायच्या. आईला नाव होतं. ते कधी कोणी विचारलं नाही.

आमच्या धंद्यात एक रीत होती. कपडा हातात आला की आधी त्याचे खिसे उलटे करायचे, बाईंच्या डोळ्यांदेखत. बसचं तिकीट निघायचं, सुपारी निघायची, एकदा सोन्याची बाळी निघालेली. निघेल ते तिथल्या तिथे बाईंच्या हातावर ठेवायचं. म्हणजे मागाहून कोणी आळ घ्यायला नको. आई नुसतं चाचपून सोडायची नाही. खिशाच्या कोपऱ्यापर्यंत बोट घालायची. मला म्हणायची, "खिसा उलटा केल्याशिवाय कपडा आपला नाय."

त्या दिवशी दोन साड्या आणि तीन शर्ट होते. वहिनींना झाकणाचं पातेलं हवं होतं.

"एवढ्यात झाकण नाय बसत वहिनी. अजून एखादं टाका."

"झाकणाशिवाय पातेलं काय डोक्यावर घालू?"

दोघी हसल्या. तोवर सगळं बरं चाललेलं. वहिनींनी आतून आणखी एक शर्ट आणून टाकला. निळ्या चौकटीचा, जवळजवळ नवा. आईने खिशात बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं.

इंजेक्शनची सुई. मागची प्लॅस्टिकची पिचकारी अर्धी तुटलेली, सुई तेवढी उघडी.

आई फक्त "आई गं" म्हणाली. पण ते समोरच्या बिऱ्हाडात ऐकू गेलं. दार उघडलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी कठड्यावरून वाकलं. वहिनींचा आवाज बदलला तो तेव्हा.

"ही कुठून आणलीस?"

"वहिनी, तुमच्याच शर्टाच्या..."

"आमच्या? आमच्या घरात कुणाला इंजेक्शनं लागतात गं?"

आत पडद्याशी त्यांचा मुलगा उभा होता. मंदार. कॉलेजात जायचा. मे महिना होता आणि त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून घातलेला. तो आईच्या बोटाकडे बघत होता. मग त्याने पडदा सोडला. आईने ते बघितलं. मीही बघितलं. वहिनींनी मागे वळून बघितलं नाही. बघायची त्यांना गरज नसावी.

"सांग सगळ्यांना, तुझ्या टोपलीतून आली म्हणून. नाहीतर या बिल्डिंगीत परत पाऊल टाकायचं नाही."

त्या रस्त्यावर सहा बिल्डिंगा होत्या आणि सगळ्या बायका एकमेकींना ओळखायच्या. एक दार बंद झालं की सहा बिल्डिंगा बंद. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की आईने मान खाली घातली.

"होय," ती म्हणाली. "माझ्याच टोपलीतली आहे."

मग ती फरशी. मग झाकणाचं पातेलं वहिनींनी उचलून आत नेलं. जाताना म्हणाल्या, "ती सुई ने बरोबर. तुझी आहे ना."

आईने ती वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत ठेवली.

रूळ ओलांडताना मी विचारलं, "आई, त्यांच्याच घरातली होती ना?"

"होती."

"मग?"

"मग काय. गाठोडं नीट धर, घसरतंय."

काही महिन्यांनी आईला कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नाचा वास नको. दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, "उघड्यावरचं खाल्लंस?" मी म्हटलं, "तिला सुई टोचलेली." तो हसायला लागला. "सुईने कावीळ होते होय? कोणी शिकवलं तुला?" आणि हे बोलताना तो काचेच्या पिचकाऱ्या पातेल्यात उकळत होता. नीट उकळी यायच्या आतच चिमट्याने उचलून पुढच्या माणसाला. रांगेत तीसेक माणसं होती. सगळी सभ्य.

आई वाचली. पण टोपली उचलायची ताकद परत आली नाही. शेजारच्या बाईने भांडी विकत घेतली. आईचा फिरायचा रस्ताही तिनेच घेतला.

त्यानंतर मध्ये काही वर्षं गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही. शाळेत मला बोहारीण म्हणायचे, मी मारामाऱ्या करायचे. बारावी झाली. कल्याण स्टेशनच्या पुलावर एका बाईने माझ्या हातात एक पत्रक दिलं. गुलाबी कागद, शाई थोडी पसरलेली. वर मोठ्या अक्षरांत एड्स. मी टाकून देणार होते. तिसऱ्या ओळीवर नजर गेली.

"वापरलेल्या सुईने एड्स होतो. कावीळही होते."

छापलेलं होतं. कोणी हसत नव्हतं. मी पुलाच्या कडेला उभी राहून ते तीनदा वाचलं. अंगाची आग झाली. कावीळ होते, हे कुणाला तरी माहीत होतं. ते छापायला एक कागद लागतो. तो कागद आमच्या चाळीपर्यंत यायला सहा-सात वर्षं लागली.

पत्रकाच्या मागे एका संस्थेचा पत्ता होता. गेले. तिथे एक निवृत्त डॉक्टरबाई होत्या. सरकारी नोकरीत हयात घालवलेली, पांढरे केस, आवाज कधी चढत नाही. मी आईचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "लिहून काढ. छोटी वाक्यं. एका वाक्यात एकच गोष्ट." मी लिहिलं. त्यांनी लाल पेनने निम्मं खोडलं. मी लिहायला शिकले ती अशी, पत्रकं लिहून. म्हणून माझं लिहिणं असं आहे. कोणाला आवडलं नाही तर माझा इलाज नाही.

डॉक्टरबाईंनी सुईबदलीचं काम सुरू केलं तेव्हा मी पहिली होते. काम साधं होतं. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणारी पोरं हळूहळू इंजेक्शनवर आलेली. गर्द महाग, इंजेक्शन स्वस्त. चार-पाच जणांत एक सुई फिरायची. एकाच्या रक्तात एड्सचे जंतू असले की सगळ्यांच्या रक्तात. सोड म्हटल्याने कोणी सोडत नाही, निदान त्याच दिवशी तरी नाही. तोवर तो जगला पाहिजे. म्हणून जुनी सुई घ्यायची, नवी द्यायची. बरोबर दोन शब्द बोलायचे. जखमेला पट्टी. दवाखान्यात यायचं असेल तर सोबत जायचं.

कायद्यात या कामाला जागा नव्हती. करा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. नशेच्या कायद्यात मात्र गुन्ह्याला मदत करणाऱ्याला शिक्षा होती, आणि नवी सुई देणं ही मदत आहे की नाही हे ठाण्याच्या साहेबांपासून ठाकुर्लीच्या हवालदारापर्यंत ज्याचं त्याने ठरवायचं. आम्हाला परवानगी होती ती तोंडी. एका साहेबांनी डॉक्टरबाईंना फोनवर दिलेली. अट एकच. जुनी आणली तरच नवी. "फुकट वाटप नको," साहेब म्हणालेले.

मी दुपारी चार वाजता ठाकुर्लीच्या जुन्या पॉवरहाउसच्या भिंतीपाशी जायचे. खांद्याला पिशवी. हातात जाड प्लॅस्टिकचा डबा, जुन्या सुयांसाठी. पहिल्याच आठवड्यात एकाने ओरडून सांगितलं, "ए उठा रे, बोहारीण आली. जुन्या सुया द्या, नव्या घ्या."

सगळे हसले.

मी थांबले. त्याला काय माहीत. शाळेत असते तर दात पाडले असते. इथे म्हटलं, "हो, आली. काढ लवकर. झाकणाचं पातेलं नाही मिळणार."

तेव्हापासून तेच नाव. बोहारीण. काही जण ताई म्हणायचे, काही बोहारीणताई. एकाने विचारलं, "दोन सुयांवर चमचा देणार काय?" आईला सांगितलं तर ती खूप दिवसांनी हसली. "माझ्यापेक्षा तुझा माल बरा. डोक्यावर ओझं नाय."

मंदार यायला लागला तो दुसऱ्या वर्षी. मी ओळखलं. पडद्याशी दिसलेला तोच चेहरा, फक्त गाल आत गेलेले. दात काळे. कपडे मात्र इस्त्रीचे. घरून निघताना आई इस्त्री करून देत असणार. त्याने मला ओळखलं नाही. बोहारणीच्या पोरीचा चेहरा कोण लक्षात ठेवतं? मी त्याची जुनी घ्यायचे, नवी द्यायचे. बाकी काही नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. इथपर्यंत आले ती यासाठीच.

एका दुपारी तो रिकाम्या हाताने आला.

"ताई, एक द्या."

"जुनी?"

"नाही. सकाळी पोलिसांनी धरलेलं. खिसे उलटे केले. सुई काढून बुटाखाली मोडली."

"जुनी आणल्याशिवाय नवी नाही."

"ताई, मोडली म्हणतोय ना."

"नियम आहे."

माझ्या पिशवीत नव्या सुया होत्या, भरपूर. नियम माझ्या तोंडात होता. डोळ्यांसमोर तो जिना होता. खिसे उलटे केले, असं तो म्हणाला आणि माझ्या मनात आलं, बरं झालं. हे कोणी पकडलं नाही. मीच सांगतेय. मी त्या दिवशी वहिनींपेक्षा वेगळी नव्हते. माझ्याकडे डेटॉलचा तांब्या नव्हता, एवढंच.

तो भांडला नाही. म्हणाला, "ठीक आहे बोहारीण, तुझा धंदा तू सांभाळ." आणि भिंतीकडे गेला. तिथे बसलेल्याने आपली त्याला दिली. मी बघत होते. मी उठून गेले नाही.

पुढच्या वर्षी त्याला खोकला लागला, वजन उतरलं. तपासणीला मीच सोबत गेले. निकाल त्याने स्वतः मला सांगितला, पॉवरहाउसच्या भिंतीपाशी, बिडी पेटवता पेटवता. "आहे म्हणे." एवढंच.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, "त्या दिवशीच झालं असेल का?" त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही. आधीही झालं असेल." मला माहीत आहे की सांगता येत नाही. आईच्या काविळीचंही सांगता येत नव्हतं.

निकाल कळला त्या दिवसापासून मी जुनी मागायचं सोडलं. आणली तर घ्यायची. नाही आणली तरी द्यायची. डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. नोंदवहीत जुन्यांचा आकडा कमी आणि नव्यांचा जास्त दिसायला लागला, तेव्हा त्यांना कळलं असणार. त्यांनी वही तशीच मिटली.

मग कायद्याचं निघालं. राज्य सरकार एड्स रोखण्यासाठी कायदा करणार होतं आणि मसुद्यावर संस्थांचं म्हणणं मागवलं होतं. मला खूप आशा वाटली. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटली. मी आठ दिवस बसून दोन पानं लिहिली. सुई देणं हा गुन्हा नाही, हे कायद्यात लिहा. जुनी मागू नका. नाव विचारू नका. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट.

बैठक ठाण्याला होती. सरकारी कचेरीतली लांब खोली, टेबलावर हिरवं कापड. एका बाजूला साहेब आणि त्यांची माणसं. दुसऱ्या बाजूला नागरिकांचे प्रतिनिधी, डोंबिवलीहून आलेले. त्यांचं निवेदन सुईबदली बंद करा असं होतं. आमच्यासाठी खुर्च्या भिंतीला लावलेल्या. चहा आला तो टेबलापर्यंतच आला.

प्रतिनिधींमध्ये वहिनी होत्या.

केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. पण बोलायची तीच पद्धत, शेवटचा शब्द ओढून. कुठल्याशा महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरबाईंकडे बघितलं, परत कागदाकडे.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही नक्की करता काय? मला समजेल असं सांगा."

मी सांगितलं.

"म्हणजे जुनं घेऊन नवं देता." ते बाजूच्या माणसाकडे वळले. "म्हणजे या बोहारीणच की हो."

टेबल हसलं. वहिनीही हसल्या, रुमाल तोंडाला लावून. भिंतीपाशी त्याच शब्दावर पोरं हसायची आणि मीही हसायचे. इथे मला तो आईच्या पाठीवर पडलेला ऐकू आला. शब्द तोच. पण इथे बसलेल्यांपैकी एकाच्याही हातात जुनी सुई नव्हती.

मी म्हटलं, "हो. बोहारीणच. माझी आईपण बोहारीण होती. पुढे बोलू का?"

साहेब म्हणाले, "पुढचं आम्ही लिहून आणलंय." आणि एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

त्यात तीन कलमं होती. एक, जुनी सुई आणल्याशिवाय नवी देणार नाही. दोन, येणाऱ्यांची नावं-पत्ते दर महिन्याला पोलिसांना देऊ. तीन, हे व्यसनी शहराबाहेरून आलेले असून स्थानिक कुटुंबांशी त्यांचा संबंध नाही. खाली सहीची जागा. प्रत्यक्ष काम करणारी म्हणून सही माझी लागणार होती.

"सही झाली की तुमच्या कामाचा मसुद्यात उल्लेख करायला हरकत नाही," साहेब म्हणाले. "नाही झाली तर ती तोंडी परवानगीसुद्धा नाही. मग हवालदार काय करेल त्याला मी जबाबदार नाही."

मी तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. "हे कोणी सांगितलं?"

"आम्ही सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे असलं काही नाही. हे सगळं बाहेरून येतं. आमच्या घरांत कुणाला इंजेक्शनं लागतात?"

वाक्य तेच होतं. तेरा वर्षांनी, जवळजवळ शब्दाला शब्द.

मंदारला मी आदल्याच दिवशी दोन सुया दिलेल्या. त्याच्या शर्टाला इस्त्री होती. माझ्या तोंडात त्याचं नाव आलं. फक्त नाव घ्यायचं होतं. वहिनी, मंदार कसा आहे? एवढंच. सगळं टेबल त्यांच्याकडे वळलं असतं. साहेब, महिला मंडळ, सगळं. वहिनींचा खिसा सगळ्यांदेखत उलटा झाला असता. कोपऱ्यापर्यंत.

त्यांनी तेव्हा माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना कळलं की मला माहीत आहे. कसं ते नाही, पण माहीत आहे. रुमाल मुठीत गेला.

डॉक्टरबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "करून टाक सही. काम चालू राहील. बाकीचं मग बघू." त्या खूप थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी नोकरीभर अशा सह्या केल्या असतील. त्यांचा राग नाही मला.

मी नाव घेतलं नाही. नाव विचारू नका, असं दोन पानांत लिहून आणणारी मीच. ते नाव मंदारचं होतं, वहिनींचं नाही, आणि माझं तर नाहीच.

मी कागद परत सरकवला.

"मी सही करणार नाही. ही पोरं बाहेरून आलेली नाहीत. तुमच्याच घरांतून येतात. कुठल्या घरांतून, ते तुम्ही मारलंत तरी सांगणार नाही. पण बाहेरून आली असं लिहून देणार नाही."

"अहो, मग काम बंद पडेल," साहेब म्हणाले. हे मला माझ्याच भल्यासाठी सांगतोय, असा आवाज.

"तुमचं बंद पडेल."

माझी दोन पानं मी टेबलावर ठेवली. कोणी उचलली नाहीत. पंख्याने वरचं पान उलटलं, त्यावर साहेबांच्या माणसाने चहाचा कप ठेवला. तो रिकामा होता.

बाहेर व्हरांड्यात पावलं ऐकू आली. वहिनी. धाप लागलेली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमच्या वहीत... आमचं नाव नाही ना कुठे?"

"नाही. आम्ही नावं लिहीत नाही."

त्यांनी श्वास सोडला. मी वाट बघितली. त्या विचारतील, तो खातो का, खोकला कसा आहे, तुमच्याशी बोलतो का. नाही विचारलं. पदर सारखा करून परत वळल्या.

"वहिनी," मी म्हटलं. "माझ्या आईला तुम्ही जिन्यात फरशी पुसायला लावलीत. निळ्या शर्टात सुई होती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आठवायचा खरंच प्रयत्न करत होत्या.

"कोण तुझी आई?" त्यांनी विचारलं.

त्यांना आठवत नव्हतं.

घरी आले. आईला सगळं सांगितलं. ती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मला वाटलेलं ती म्हणेल, बरं केलंस.

"नाव नाय घेतलंस तिच्या पोराचं?"

"नाही."

"का नाय? तिने माझं तोंड सहा बिल्डिंगांत काळं केलं. मी मान खाली घातली ती पोटासाठी. तू कशासाठी घातलीस?"

"मी मान नाही घातली खाली, आई. मी खिसा उलटा केला नाही."

आईने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मला ते नाय समजत. मला असतं तर मी घेतलं असतं." अजूनही तिचं तेच म्हणणं आहे. मी तिची समजूत घालत नाही. तिचा तो हक्क आहे. बोट तिचं होतं.

तोंडी परवानगी गेली. डॉक्टरबाईंनी काम थांबवलं. तसं पत्र माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कायदा कधी येईल माहीत नाही. आला तर त्यात काय असेल तेही माहीत नाही. मी चोवीस वर्षांची आहे आणि थकले आहे. भिंतीपाशी बसणाऱ्यांपैकी दोघे या वर्षी गेले. मंदार अजून येतो, पूर्वीपेक्षा हळू चालत. मी त्याला ते जुनं काही सांगितलेलं नाही. एक दिवस सांगेन. माफी मागायची आहे, पण मागितली की ती त्याच्या डोक्यावर ओझं होईल, म्हणून थांबले आहे.

संस्थेने पिशवी आणि सुयांचा डबा परत घेतला. मी आईची टोपली माळ्यावरून काढली. एका बाजूची वीण सुटलेली, ती तारेने बांधली. सुया आता वेगवेगळ्या दुकानांतून थोड्या थोड्या विकत घेते. टोपलीत तळाशी सुया, वर जुने कपडे. चार वाजता भिंतीपाशी. कोण आहेस विचारत नाही. जुनी आण म्हणत नाही. सरकारकडे माझी ती दोन पानं पुन्हा पाठवली आहेत. दर महिन्याला पाठवते. त्यातला एक शब्दही बदललेला नाही.

हवालदार दोनदा हटकून गेलाय. तिसऱ्यांदा टोपली उलटी करेल, हे मला ठाऊक आहे. सुया रस्त्यावर पडतील. माणसं जमतील, दारं उघडतील, कठड्यावरून कोणीतरी वाकेल. तो विचारेल, या कोणाच्या?

उत्तर आमच्या घरात तयार आहे. आईने ते मान खाली घालून दिलं होतं आणि ते खोटं होतं. मी मान वर ठेवून देणार आहे.

होय. माझ्याच टोपलीतली आहे.